तळकोटच्या दरवाजाबाहेरचा दिवा

"दरवाजाबाहेर दिवा आहे," पार्श्व म्हणाला.

"आपण ठेवलेला नाही," मी म्हटलं.

"कुणी ठेवला ते मी विचारलंच नाही. आहे का नाही, तेवढं सांगा."

होता. मातीच्या किल्ल्याच्या मुख्य दरवाजासमोर, तटापासून वीतभर अंतरावर, एक पणती होती. तेल संपलेलं, वात जळून कोळसा झालेली, भोवतीच्या मातीवर तेलाचा डाग. नाकारण्यासारखं काही नव्हतं.

"मग तळकोटच्या दरवाजाबाहेरही दिवा आहे," पार्श्व म्हणाला. "कोण लावतं तो? सांगा."

भाऊबीज होऊन गेल्यानंतरचा रविवार होता. सांगलीत, विश्रामबागेतल्या इंदुमती मगदूम यांच्या अंगणात आम्ही चौघं एका किल्ल्याभोवती सकाळी सकाळी उकिडवे बसलो होतो. चौघांत पंचविशीच्या आतलं कुणी नव्हतं. रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकापाशी जरा थबकायची आणि पुढे जायची.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. आदल्या वर्षी अकोल्याहून बदली होऊन आलो आणि मगदूममावशींच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. कायमची रात्रपाळी. मी घरी यायचो तेव्हा गावाची निम्मी झोप झालेली असायची, आणि मी उठायचो तेव्हा गाव कामाला गेलेलं असायचं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी सकाळी खालच्या पडवीतून कुणीतरी ओरडलं, "तोडला! राक्षसाचा हात तोडला!" मी तक्रार करायला खाली उतरलो.

पडवीत तिघं बसले होते. मावशींच्या बहिणीचा मुलगा पार्श्व चौगुले, कारखान्यात ड्रॉइंगचं काम करणारा. मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा मल्लू बिरनाळे. आणि औषधाच्या दुकानात बसणारी रुबीना मुजावर. मधे कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा.

"काहून ओरडता इतक्या सकाळी?" मी विचारलं.

"काहून म्हणजे?" मल्लूनं रुबीनाला विचारलं.

"का म्हणजे," रुबीना म्हणाली, आणि मला म्हणाली, "बसा. एक माणूस कमीच पडतंय आम्हाला."

"कशासाठी?"

"मरायला."

मी तासाभरात मेलो. पुढच्या रविवारी परत खाली गेलो.

खेळ असा होता. पार्श्व सूत्रधार. जग कसं आहे ते तो सांगायचा. आम्ही त्या जगातली माणसं व्हायचो आणि काय करतो ते बोलून सांगायचो. जमेल का नाही अशी शंका आली की फासा ठरवायचा. पहिल्या काही महिन्यांत आम्ही हिंडलो, मारामाऱ्या केल्या, खजिने शोधले. मग रुबीनाला कंटाळा आला. ती म्हणाली, "किती दिवस दुसऱ्याच्या गावात जाऊन मुडदे पाडायचे? आपलं एक गाव वसवू या." त्यातून तळकोट झालं.

गाव वसवणं मारामारीपेक्षा अवघड निघालं. मल्लूनं तळकोटला दुहेरी तट दिला आणि हरिपुरात हळद ठेवायला असत तसली जमिनीखालची पेवं दिली, धान्यासाठी. रुबीनानं माणसं दिली. तळकोटात मूल जन्मलं की आधी तटाला दाखवायचं, मग आजीला. मेलेल्या माणसाचं हत्यार पुरायचं, माणूस जाळायचा. तटावर कुणी शीळ घालायची नाही. मी "का?" विचारलं की ती म्हणायची, "घालत नाहीत. तुमच्याकडं अमावास्येला नखं काढतात का?" मी गावाचा किल्लेदार होतो, आणि धंद्याच्या सवयीनं दर रविवारचा वृत्तांतही लिहून ठेवायचो, म्हणून सगळे मला बखरकार म्हणायचे. सांगलीत मला नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. बखरकार म्हणणारे तिघं होते.

आणि ते तिघंही आता सुटणार होते. पार्श्वला बंगळूरला नोकरी लागली होती. दसऱ्याच्या सुमारास त्यानं सांगितलं, "जायच्या आधी तळकोटला शेवटचा वेढा पडणार. गाव टिकलं तर खेळ पुढं रुबीना चालवेल. पडलं तर संपला."

"संपला म्हणजे?" मल्लू म्हणाला. "दुसरं गाव काढू की."

"काढा. मेलेलं गाव मी कुणाच्या हातात देणार नाही, आणि जिवंत असेल तर मरू देणार नाही. एवढंच."

दुसरं गाव निघणार नाही हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. रुबीनाचं दुकान रविवारीही उघडं असायचं, भावाला बसवून ती यायची. मल्लूला घरून दर रविवारी बोलणी बसायची. तळकोट होतं म्हणून ती दोघं येत होती. मी अकोल्याच्या संपादकांना फोन करून परत यायची इच्छा कळवून टाकली. ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे, बघतो."

वेढ्यासाठी कागद पुरणार नाही असं पार्श्वनं ठरवलं. दिवाळी तोंडावर होती, मावशींचं अंगण मोकळं होतं. त्यानं ट्रॉलीभर लाल माती आणली. आमच्या वऱ्हाडात दिवाळीला किल्ले करत नाहीत, त्यामुळे मी नुसता हाताखाली होतो. विटा, पोती, चिखल. माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीला लागून चार हात लांबीचं तळकोट उभं राहिलं. बुरूज, खंदक, मोठा दरवाजा आणि त्या दरवाजात एका माणसापुरती छोटी दिंडी. तटावर उभी केलेली औषधाच्या बाटल्यांची बुचं म्हणजे आमची माणसं. हल्ला करणार होते ते रानगे, म्हणजे रानातले शिंगवाले लोक. त्यांच्यासाठी मल्लूनं पिशवीभर हळकुंडं आणली. हळकुंडाला खरंच शिंगं असतात, हे मला तेव्हा दिसलं.

पार्श्वनं नियम एकच ठेवला. "मातीवर जे आहे ते जगात आहे. आजपासून वेढ्यापर्यंत यात जे बदलेल, ते तिथंही बदललं. हात लावून दुरुस्ती नाही."

सगळं झाल्यावर मल्लूनं सवयीनं खिशातून पुडी काढली आणि किल्ल्याभर अळीव पेरलं. डोंगरउतारावर, खंदकाच्या काठावर, पार तटाच्या बुडाशी. रुबीनानं पाणी शिंपडलं. पार्श्व बघत होता आणि एक अक्षर बोलला नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"अळीव. किल्ला हिरवा नको का?" मल्लू म्हणाला. मला ते पटलं.

त्या रविवारी सकाळी मी खाली आलो तेव्हा अळीव चार बोटं वाढलं होतं. दाट, लुसलुशीत, तटाला टेकलेलं. पार्श्व आमच्या आधी येऊन हळकुंडं मांडून बसला होता. एकही दिसत नव्हतं.

"रानगे कुठंयत?" रुबीनानं विचारलं.

"रानात."

"रान कुठलं? तळकोटाभोवती रान नव्हतं. मोकळं मैदान ठेवलेलं आपण, शत्रू दिसावा म्हणून."

"गेल्या रविवारी तुम्ही पेरलंत," पार्श्व म्हणाला.

मग रुबीना मल्लूकडे वळली.

"लेका, दोन तट बांधलेस, खंदक खणलास, आणि शत्रूला लपायला जंगल तूच लावलंस?"

"किल्ला केला की अळीव पेरतात गं," मल्लू म्हणाला. "लहानपणापासून पेरतोय. हात आपोआप गेला."

"मग हात पेवात घालून बस आता."

आणि त्यातच ही पणती.

"कोण लावतं ते मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण मी किल्लेदार आहे, आणि मला तो दिवा नको. बाहेर दिवा लावायचा म्हणजे रोज संध्याकाळी दिंडी उघडायची. रान तटाला भिडलंय. पहिल्याच दिवशी रानगे दिंडीतून आत येतील. आजपासून दिवा बंद. दिंडी दगड लावून चिणून टाका."

"बखरकार, थांबा की," रुबीना म्हणाली. "दिवा आहे म्हणजे गावात कुणीतरी तो रोज लावत असणार. रीत आहे ती. आपण नव्हती ठरवली, म्हणून काय झालं? कितीतरी रिती कुणीच ठरवलेल्या नसतात."

"रीत गेली तरी चालेल. गाव राहिलं पाहिजे."

"कुठलं गाव?" ती म्हणाली. "तट आणि पेवं म्हणजे गाव होय?"

"मल्लू?"

मल्लूनं डोकं खाजवलं. "चिणायला माती आहे. तुम्ही सांगाल ते करतो. पण आज माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी आधीच जंगल लावलंय."

पार्श्व पणतीवर वाकला होता. "ही मोठी पणती आहे. शोभेची नाही. आणि एवढी वात जळलीय म्हणजे हा दिवा रात्रभर चाललाय. किल्ल्याच्या शोभेसाठी लावलेला दिवा आठ-नऊ वाजता विझला तरी चालतो. रात्रभर कशाला?"

मी तो दिवा पाहिला होता. पाळी संपवून फाटकातून आत आलो की रोज दिसायचा. दिवाळी आहे, किल्ल्याला दिवा लावला असेल, एवढंच मनात यायचं आणि मी जिना चढून जायचो. अंगणातला बल्ब नवरात्रातच गेला होता, त्यामुळे त्या उजेडानं पायाखालचं दिसायला बरं पडत होतं.

"ज्यानं लावला त्याला विचारू," रुबीना म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं हाक मारली. "मावशी! ओ मावशी! जरा बाहेर या की!"

मगदूममावशी हाताला पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, पदर खोचलेला. सूर्य बुडायच्या आत जेवण हा त्यांचा नेम, त्यामुळे त्यांचं स्वयंपाकघर लवकर जागं व्हायचं. अंगणात गुडघे टेकून बसलेल्या आम्हा चौघांकडे त्यांनी बघितलं.

"काय, पडला का गड?"

"अजून नाही. मावशी, ही पणती तुम्ही लावता?"

"मी नाहीतर कोण? का, तेल सांडलं का तुमच्या युद्धात?"

"किल्ल्यासाठी लावता?"

"किल्ल्याला कशाला? किल्ल्याला काय डोळे आहेत?" मावशी म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी." त्यांनी पिठाच्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "रात्री येतात. बल्ब गेलाय, वायरमनला पाच वेळा सांगितलं, तो म्हणतोय दिवाळी झाल्यावर. आणि जिन्याची पहिली पायरी अशी फुटकी. अष्टमीच्या रात्री हे धडपडले, मला आत आवाज आला. परगावचा माणूस, पाय मोडला तर बघायचं कुणी? संध्याकाळी लावलेला दिवा हे येईपर्यंत टिकत नाही, म्हणून झोपायला जाताना परत तेल घालते. दरवाजापाशी एवढ्यासाठी ठेवला की तिथं तुमचा खंदक आहे, वारा लागत नाही. चुकलं का काही?"

"नाही," पार्श्व म्हणाला.

"मग मी जाऊ? भाकरी करपेल."

"एक मिनिट, मावशी," रुबीना म्हणाली, आणि माझ्याकडे बघायचं टाळून पार्श्वला म्हणाली, "लिहून घे. तळकोटात दरवाजाबाहेर दिवा असतो. बाहेर गेलेला माणूस अजून यायचा असेल, तर त्याच्यासाठी असतो. तो येईपर्यंत कुणीतरी उठून तेल घालतं."

"मान्य," पार्श्व म्हणाला. मग तो थांबला. तो प्रामाणिक सूत्रधार होता, नियम स्वतःच्या विरुद्ध गेला तरी पाळायचा. "पण मग दिवा अजून लागतोय, म्हणजे कुणीतरी अजून यायचंय. तळकोटचं कोण बाहेर आहे?"

मी सगळ्या रविवारांचे वृत्तांत मनात चाळले. कुणी आठवलं नाही.

मल्लू एकदम उठून उभा राहिला. "लेको, माझी माणसं! हरबा! मिठाला गेलेला हरबा!"

मग आठवलं. आमच्या खेळात मल्लू आधी हरबा नावाचा गडी होता. उन्हाळ्यात तो मिठाचा तांडा घेऊन किनाऱ्याकडे निघाला, आणि नेमके हळदीचे सौदे तेजीत आल्यामुळे मल्लूच दोन महिने आला नाही. परत आला तो गवंडी होऊन. हरबाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. मी तांडा मेला असं धरून पुढचं लिहीत गेलो होतो.

"मेला असं कुणी सांगितलं होतं?" मल्लूनं पार्श्वला विचारलं.

"मी नाही," पार्श्व म्हणाला.

"मग?"

पार्श्वनं अळीवाकडे बघितलं. "मग तांडा आज रानाच्या पलीकडच्या कडेला आहे," तो हळू म्हणाला. "तळकोट उभं आहे का पडलं, त्यांना माहीत नाही. दिवा दिसला तर येतील. नाही दिसला तर गाव गेलं असं समजून माघारी फिरतील. संध्याकाळ झालीय. किल्लेदार, तुम्ही दिंडी चिणायला सांगितली होती."

"उघडा," मी म्हटलं.

"दिंडीच्या बाहेर तीस हातांवर रानगे असतील."

"असू देत. दिवा लावा."

कुणी थट्टा केली नाही. रुबीनानं एक बूच उचललं, दिंडीतून बाहेर आणून पणतीच्या शेजारी ठेवलं. "ही म्हातारी. रोज हीच लावते."

"बारा किंवा वर आलं तर दिवा लागतो आणि तांड्याला दिसतो," पार्श्व म्हणाला. "खाली आलं तर रानगे आधी दिंडीत."

मी फासा उचलला. रुबीनानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मावशींपुढे धरला.

"दिवा तुमचा. तुम्हीच टाका."

मावशी एक पाऊल मागे सरकल्या. "अगं, आम्ही जैन. जुगार खेळत नाही आम्ही."

"जुगार नाही, मावशी."

"पैसे आहेत का यात?"

"एक रुपया नाही."

"हरलं तर काय जातं?"

पार्श्व काहीतरी सांगणार होता. मीच म्हटलं, "रविवार जातो, मावशी. आमचा खेळ बंद होतो. हे तिघं मग येणार नाहीत."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. वर्षभर मी त्यांच्याशी भाडं, पाणी आणि किल्ली यापलीकडे बोललो नव्हतो. मग त्यांनी पदराला एक हात पुसला, दुसरा तसाच राहू दिला आणि फासा त्या पिठाच्या मुठीत घेतला. सारीपाटाच्या कवड्या टाकतात तसा मूठ हलवून टाकला. तो पायरीवर आपटला, उडाला आणि खंदकाच्या काठाला जाऊन थांबला. पिठामुळे आकडा दिसेना. मल्लूनं वाकून फुंकर मारली.

"सोळा," तो म्हणाला. मग ओरडला, "सोळा!"

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं.

"मावशी," पार्श्व म्हणाला, "खडे मीठ आहे का घरात?"

मावशींनी वाटीभर आणून दिलं. पार्श्वनं ते खडे रानाच्या पलीकडच्या कडेपासून एकेक करून अळीवात मांडले. ज्या रानात रानगे लपले होते, त्याच रानातून मिठाचा तांडा त्यांच्या पाठीमागून येत होता. रानग्यांची तोंडं तटाकडे होती आणि पाठ उघडी. पुढचे तीन-चार तास फासे पडत राहिले. काही चांगले, काही वाईट. मल्लूचा हरबा दिंडीच्या दहा हात अलीकडे मेला. मल्लूनं त्याचा मिठाचा खडा स्वतः उचलला आणि म्हणाला, "हत्यार पुरा. रीत आहे आपली." दुपारी बारा वाजता पार्श्वनं अळीवातलं शेवटचं हळकुंड उपटून काढलं आणि मातीवर आडवं ठेवलं. तळकोट उभं होतं.

मावशींची भाकरी करपली होती. ती आम्ही खाल्ली.

पार्श्व महिनाअखेरीस बंगळूरला गेला. तिथं त्यानं दुसरा गट जमवला असं तो सांगतो, पण किल्ला केला तेव्हा आजूबाजूच्यांनी हे काय म्हणून विचारलं म्हणे. रुबीना तळकोट अजून चालवते. माणसं आली, गेली. मल्लूची मुलगी आता तटावर पहारा देते आणि बापापेक्षा बरी खेळते. नवीन कुणी आलं की हटकून विचारतं, वेढा पडलेला असताना बाहेर दिवा कशाला. रुबीना माझ्याकडे बोट करते आणि म्हणते, "बखरकारांना विचारा." मी सांगतो. जसं घडलं तसंच सांगतो, त्यात भर घालावी लागत नाही.

वेढ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी सुट्टी होती. सकाळी अकोल्याहून संपादकांचा फोन आला.

"जागा झाली इकडे. कधी निघता?"

"नाही निघत, सर."

"काहून? तुम्हीच तर मागं लागले होते."

"रविवारी इथं काम असते," मी म्हटलं.

दुपारी वायरमन आला. त्यानं नवा बल्ब लावला, वायर बदलली आणि जाताना किल्ल्याला चक्कर मारून "बुरूज बारीक झालेत" असं मत देऊन गेला. संध्याकाळी मी जिन्याच्या फुटक्या पायरीवर बसून चहा पीत होतो. बल्ब चांगला लख्ख होता. मावशी नेहमीप्रमाणे पणती घेऊन बाहेर आल्या, वर बघितलं, आणि परत वळल्या.

"मावशी," मी म्हटलं, "ठेवा की."

"आता कशाला? बल्ब आलाय की."

"इथं आला," मी म्हटलं. "तळकोटात अजून वीज आलेली नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, किल्ल्याकडे बघितलं. मग वाकल्या आणि दरवाजासमोर, खंदकाच्या आडोशाला, पणती ठेवली.

"काडेपेटी आत राहिली," त्या म्हणाल्या. "उठा, आणा."